सहावी दाढ

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा माझी कवळी वाटीतल्या पाण्यात होती. पलीकडून माझी लेक नीला बोलत होती आणि मी बोळक्या तोंडाने नुसतं "हं... हं..." करत होते. जन्मभर दुसऱ्यांचे दात राखणारी बाई गेली, आणि तिची मैत्रीण दातांशिवाय रडायला बसली. शरयू असती तर म्हणाली असती, "आधी कवळी घाल, मग रड." आता महिना होऊन गेला. या वयात रडण्याचाही शीण येतो, म्हणून लिहायला बसले आहे.

साठच्या दशकात तारापूरचं वीजकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा यांच्या नोकरीपायी आम्ही साताऱ्याकडून बोईसरला येऊन पडलो. एक खोली, एक शिलाई मशीन आणि आठ वर्षांची नीला. मी स्वतःला फार हुशार समजत असे. शिवायला बसले की पोरीच्या गालात गुळाचा खडा ठेवायचा. तासभर आवाज नाही. ही युक्ती मी शेजारणींनाही शिकवली, वर "गूळ तो, साखर थोडीच आहे" हे ज्ञानही फुकट वाटलं. नीलाची उजवी दाढ काळी पडली तरी मी निवांत. दुधाची आहे, पडेल, नवी येईल. पुढचे दात पडून आलेच होते की.

शरयू पालघरची दातांची डॉक्टरीण, माझ्याच वयाची. दर गुरुवारी बोईसरला एका भाड्याच्या खोलीत बसायची. विजेचा भरवसा नसायचा, म्हणून दात कोरायचं तिचं यंत्र पायाने चालणारं. थेट माझ्या शिलाई मशीनचा भाऊ. लोक येत ते आधी तिचं मनगट बघत, बाईमाणूस दाढ काय उपटणार म्हणून. नीलाचा गाल सुजला तेव्हा नाइलाजाने मीही गेले. आमच्या आधी जवळच्या घिवली गावची एक मासेवाली मुलाला घेऊन बसली होती. "दुधाचा दात हाय बाय, पडंल तो," ती शरयूला सांगत होती. "भरायचा कशाला?"

"बरोबर आहे त्यांचं," मी मध्येच म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

शरयू चिडली नाही. सातवा महिना होता तिला, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, चिडायचंही त्राण नसावं. तिने नीलाला तोंड उघडायला लावलं आणि माझं बोट धरून आत नेलं. "मधल्या दातापासून मागे मोजा. पहिले पाच दुधाच्या जागचे, ते पडून नवे येतात. आणि ही सहावी. एकही दात पडलेला नसताना गुपचूप मागून येते, म्हणून आयांना वाटतं दुधाचीच. ही एकदाच येते."

"म्हणजे ही गेली तर..."

"गेली."

उजवी मुळापर्यंत किडली होती. सूज उतरल्यावर ती काढावी लागली. डावीतही भोक होतं. ती लगेच भरली तरच वाचणार होती. पण पुढच्या गुरुवारी शरयूचा पाय यंत्रावर ठरेना. मी म्हणाले, "पाय मी मारते, रोज तेच करते."

"हे ब्लाउज नव्हे," ती म्हणाली. "मी थांब म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं. जास्त कोरलं गेलं तर आत नस आहे." आमचं अहो-जाहो तिथेच सुटलं.

माझ्या साडीचा काठ नीलाच्या मुठीत होता. चल. थांब. चल... थांब. माझ्या हातून इतकी सरळ शिवण कधी पडली नव्हती. मग शरयूने खलात चांदी घोटून भोक भरलं, आणि नीलाने विचारलं, "आई, शिवून झालं?" ती घिवलीची बाई दारातून बघत होती. "काय गं बाय, तूच बोललीस ना, बरोबर हाय म्हनून?" मी मान खाली घातली, आणि तिने मुलाला पुढे ढकललं.

शरयूने मला शिक्षाही दिली. गूळ जेवणातच द्यायचा, वर लगेच चूळ भरायला लावायची, आणि ज्या ज्या घरी माझी युक्ती पोचवली होती तिथे जाऊन सहावी दाढ मोजायला शिकवायची. घरोघर माझं हसं झालं. पण तिचं बाळंतपण उरकलं तरी, विजेचं यंत्र येईपर्यंत, माझे गुरुवार तिच्याकडेच जात राहिले.

परवा नीला येऊन गेली. आता तीही आजी झाली आहे. उजवीकडची ती फट तशीच आहे, म्हणून जेवताना डावीकडेच चावते. मी समोर बसून तिचा डावा गाल हलताना बघत होते, तर ती म्हणाली, "आई, पाय."

टेबलाखाली माझा उजवा पाय एका लयीत हलत होता. अलीकडे बसले की असंच होतं. दुखतो, दमतो, पण हलत राहतो... 'थांब' म्हणणारी आता नाही.