डाव्या हाताची बोटं

स्पीडवेच्या, म्हणजे मातीवरच्या शर्यतीच्या, मोटरसायकलला ब्रेक नसतो. कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा मातीच्या ट्रॅकवर मला हे सांगणारे गृहस्थ ऑस्ट्रेलियन होते, साठीच्या पुढचे. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून ते शर्यतींसाठी इंग्लंडला गेले, मग पोलंडला, मग इथे आले. खांदा तिसऱ्यांदा मोडल्यावर शर्यती थांबल्या आणि शिकवणं सुरू झालं. मी त्यांना सर म्हणायचे. ते वैतागायचे.

"गाडीला ब्रेक नाही आणि इथे कुणी सरही नाही."

मी आयटीत आहे. मीटिंगमध्ये बहुतेक वेळ म्यूटवर असते. आईला एवढंच माहीत होतं की मी वीकेंडला कसला तरी क्लास करते.

पुढच्या शनिवारी नवशिक्यांची शर्यत होती. वळणावर थ्रॉटल न सोडता सलग चार फेऱ्या मारल्या, तरच ते मला शर्यतीत उतरू देणार होते. मी मात्र दर वेळी दुसऱ्या वळणावर कुंपणाकडे जात होते.

तिसऱ्यांदा पडले तेव्हा ते लंगडत माझ्यापाशी आले.

"वळणावर क्लच का दाबतेस?"

मी दाबते हे मलाच माहीत नव्हतं. पुण्यात कॉलेजची सगळी वर्षं मी बिनगिअरची स्कूटर चालवली. तिला डाव्या हाताशी ब्रेक असतो, त्यामुळे भीती वाटली की ती बोटं आपोआप आवळतात. या गाडीला त्याच जागी क्लच होता. तो दाबला की मागच्या चाकाचं घसरणं थांबतं आणि गाडी वळायची सोडून सरळ जाते.

मी हे सांगितल्यावर ते खूप हसले.

"मी उजव्या पायाने ब्रेक शोधायचो. आमच्या शेतावरच्या गाडीला तिथे होता. इंग्लंडमधला पहिला उन्हाळा मी प्रत्येक शर्यतीत शेवटचा आलो."

"मग काय केलंत?"

"कुंपण दुरुस्त करायला शिकलो. चल, आज पुरे."

"नाही," मी म्हणाले. "अजून एकदा."

सुटल्यावर मी डाव्या हाताची चारही बोटं हँडलच्या मुठीभोवती घट्ट गुंडाळली. पहिल्या वळणावर डाव्या बुटाचा पोलादी तळ मातीवर टेकवला. दुसऱ्या वळणावर कुंपण समोर आलं आणि बोटं वळवळली. मी ती हलू दिली नाहीत, उलट थ्रॉटल वाढवला. मागचं चाक बाहेर सरकलं आणि गाडी वळली. मग तेच आणखी तीन फेऱ्या.

त्यांनी शाबासकी दिली नाही. शर्यतीची यादी आणि पेन्सिल पुढे केली.

"तूच लिही. तुझ्या नावाचं स्पेलिंग मला जमणार नाही."

शनिवारी चौघांत मी चौथी आले. पुढच्या तिघांनी उडवलेली माती हेल्मेटवर, दातांत, सगळीकडे होती. सर दुसऱ्या वळणापर्यंत चालत जाऊन आले.

"कुंपण शाबूत आहे," ते म्हणाले आणि पुढच्या शनिवारची यादी माझ्यासमोर धरली.