ठमाबाई ‘दुकतं’ म्हणाल्या

ठाकुर्लीच्या गावठाणात लग्न निघालं की सगळ्यात आधी ठमाबाईंना निरोप जातो. त्या धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले गाणाऱ्या. आगरी लग्नातले विधी त्यांच्या गाण्यांशिवाय पुढे सरकत नाहीत. मांडवापासून नवरी निघेपर्यंत एकेक धवला त्यांना तोंडपाठ. दारात डीजे असला तरी त्या गायला बसल्या की पोरं तो मुकाट्याने बंद करतात.

त्यांचं माहेर कळव्याचं. लहानपणी मिठागरात टोपल्या वाहिल्या. पायांच्या भेगांत खारं पाणी शिरायचं, पण ही पोर कधी थांबली नाही, असं माहेरची माणसं अजून सांगतात. पुढे सासरची शेती, घरातच झालेली बाळंतपणं. ठमा कधी कण्हत नाही, हे कौतुक त्यांनी जन्मभर ऐकलं आणि तेच आपलं मोठेपण मानलं.

मागच्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. सूज इतकी होती की दुर्बिणीने काम भागलं नाही. डॉक्टरांना उजव्या बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागला. ऑपरेशननंतर दर्शना सिस्टर येऊन विचारायची, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य, तर आत्ता किती दुखतंय? ठमाबाई एक म्हणायच्या. कधी शून्य. सलाइन निघून गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा सून करिश्मा दुखण्याची गोळी हातावर ठेवायची आणि ती गुपचूप उशीखाली जायची. अशा गोळ्यांची सवय लागते, असंही कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं.

मग ताप आला. श्वास भरभर चालू लागला. छातीत घरघर ऐकू येत होती, पण त्या खोकायच्या नाहीत. चादर बदलताना करिश्माला गोळ्या सापडल्या. ती त्या सिस्टरकडे घेऊन गेली.

दर्शना रागावली नाही. स्टूल ओढून शेजारी बसली.

“मना सवय हाय सोसाची,” ठमाबाई आधीच म्हणाल्या.

“असेल आजी. पण दुखू नये म्हणून तुम्ही श्वास अर्धाच घेताय. खोकत नाही, म्हणून कफ आत साठतोय. न्यूमोनिया झाला तर? गोळी तुमचे लाड करायला नाहीये, तुम्हाला नीट श्वास घेता यावा म्हणून आहे.”

सवय लागण्याचंही तिने समजावलं. ही साधी गोळी होती, थोड्याच दिवसांसाठी, आणि तिची तसली सवय लागत नाही. करिश्मा एवढंच म्हणाली, “आई, अर्ध्या श्वासात धवला कसा व्हायचा?”

ठमाबाईंनी हात बरगडीखालच्या टाक्यांवर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, “दुकतं. आठ.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लग्न होऊन आल्यापासून करिश्माने ते पहिल्यांदा पाहिलं.

जन्मभर ज्याला अब्रू मानलं, ते त्या वयात सोडणं सोपं नव्हतं. पण एकदा ठरवल्यावर त्यांनी कसूर केली नाही. कळ चढायची वाट न बघता गोळी वेळेवर घ्यायच्या. पोटाला उशी घट्ट दाबून खोकायच्या. नळीने हवा ओढून डबीतले तीन गोळे वर चढवायचा व्यायाम सिस्टरने दिलेला. तो करताना घाम फुटायचा, तरी थांबायच्या नाहीत. आकडेही खरे सांगू लागल्या, बसल्यावर इतकं, खोकल्यावर इतकं, आणि त्यावरून डॉक्टरांना औषध कमीजास्त करता आलं. दुखणं एकदम गेलं नाही. पण ताप उतरला, आणि सुनेचा हात धरून त्या वॉर्डच्या दारापर्यंत चालत जाऊ लागल्या.

वैशाखात त्या पुन्हा लग्नाला गेल्या. खुर्चीत बसून गायल्या, मध्ये थांबून दम घेतला. त्याची त्यांना लाज वाटली नाही.

पावसाळ्यात शेजारच्या मंजुळाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ठमाबाई दवाखान्यात भेटायला गेल्या. मंजुळाबाई ओठ आवळून पडलेल्या. विचारल्यावर बरं आहे म्हणाल्या. दाराशी त्यांचा मुलगा उभा होता. ठमाबाईंनी त्याला चहा आणायला पाठवलं आणि कॉटजवळ वाकल्या.

“आता कोन नाय हितं. खरं सांग.”

मंजुळाबाईंनी सांगितलं. ठमाबाई उठल्या आणि सिस्टरला बोलवायला गेल्या.