पत्त्यावर हजर

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके माझ्याकडे. कोर्टाने तुरुंगाऐवजी बंधपत्रावर सोडलेल्या माणसांना महिन्यातून एकदा भेटायचं, ती नीट वागतात का ते पाहायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम.

डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावर अशी एक बाई होती. बांधाच्या भांडणात तिने दिरावर कोयता उगारला होता, लागलाही होता. पहिल्याच भेटीत मी तिला बजावलं, "पत्ता सोडायचा नाही. सोडलात तर आत जाल." तिने मान हलवली, अंगठा दिला.

दिवाळीनंतर दोन महिने ती खाली रस्त्यावरच येऊन थांबायची. जीपवाल्याला घाई, मलाही. बॉनेटवर कागद ठेवून म्हणायचं, "अंगठा द्या." 'पत्त्यावर हजर, प्रगती समाधानकारक' एवढं लिहून निघायचं.

तिसऱ्या महिन्यात ती रस्त्यावर नव्हती. पळाली, असं धरूनच मी चढण चढले. पाड्यावर माणूस नव्हतं. दारादाराला काटेरी फांद्या लावलेल्या. वीटभट्टीवर जाताना इकडे घर असंच बंद करतात. एकच दार उघडं होतं. आत ती तापाने पडलेली, उशाशी रिकामा तांब्या.

"बाकीचे कुठे गेले?"

"भट्टीवर. मुरबाडला. दिवालीपासून."

"नवरा, मुलगी?"

"ती पण. कुत्रा पण गेला. त्यानं कुठं अंगठा दिलाय?"

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"तुमीच बोलल्या ना, बाई. पत्ता सोडायचा नाय."

"इथे बोलता कुणाशी?"

"तुमच्याशीच की. महिन्यानं."

कोर्टाकडे परवानगी मागता येते, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. तिला पाणी दिलं, डोळखांबच्या दवाखान्यात नेलं. अर्ज मीच लिहिला. मुरबाड तर माझ्याच हद्दीत. आठवड्यात परवानगी मिळाली.

पुढची भेट भट्टीवर झाली. ती विटा थापत होती, शेजारी मुलगी, कडेला कुत्रा. कागदावर अंगठा चिखलाचाच उमटला.

"बरं वाटतं का आता?" मी विचारलं.

"बरं हाय. बसत नाय तुमच्यासंगं, बाई. माती सुकते."

एसटीला दीड तास होता. मुरबाडच्या स्टँडवर एकटीने डबा खाल्ला आणि पिशवीतले तिचे जुने दोन अहवाल काढून वाचले. त्यांत एक शब्दही खोटा नव्हता. नव्या अहवालात मी प्रथमच लिहिलं, कोणाबरोबर राहते.