कमी-जास्त एक वर्ष

आपल्याला ठाऊक नाही ते न सांगण्यात आमच्या भाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात नव्हता. घुग्घुसच्या एका कोळसा तपासायच्या प्रयोगशाळेत ते माझे वरिष्ठ. मी नवा होतो आणि कॅल्क्युलेटरवर माझा फार जीव. एका नमुन्यातली राख मी मोठ्या ऐटीत ३४.२७१८ टक्के लिहून नेली. भाऊंनी लाल पेन्सिलीने शेवटचे तीन आकडे खोडले, दोनाचे तीन केले आणि पुढे 'कमी-जास्त ०.२' लिहिलं. म्हणाले, "एकच नमुना तीनदा जाळला त तीनदा येगळी राख निघते. काट्याले अन् भट्टीले जे मालूम नाई, ते तुले कुठून समजलं?"

ती पेन्सिल प्रयोगशाळेबाहेरही सुटत नसे. लग्नपत्रिकेत 'अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटे' असा मुहूर्त दिसला की त्यापुढे ते 'कमी-जास्त दोन तास' लिहीत आणि त्याच बेताने थेट जेवायला पोचत. त्यांची स्वतःची जन्मतारीखही आरमोरीकडच्या एका गुरुजींनी शाळेत घालताना उंची पाहून टाकलेली, एक जून. त्यामुळे प्रत्येक सरकारी फॉर्मवर भाऊ तारखेखाली 'कमी-जास्त एक वर्ष' लिहीत, आणि प्रत्येक फॉर्म परत येई.

बायको वारल्यापासून ते घरी जेमतेम झोपायला जात. रविवारीही 'काटा पाहून येतो' म्हणत प्रयोगशाळेत येऊन बसत. निवृत्ती जवळ आली तसं त्यांचं जेवण तुटलं. "घरी का करू बे मी?" त्यांनी एकदा मला विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, एक वर्षानं लहान आहो असा अर्ज करा. गावातला कोणी म्हातारा सही देईन. सालभर तरी निघन." मी अर्ज लिहूनही दिला. दोन दिवस तो त्यांच्या खिशात होता. तिसऱ्या दिवशी सही न करताच त्यांनी परत केला.

"कमी-जास्त दोन्हीकडून असते," ते म्हणाले. "लहान असन, तसा मोठाही असन. माह्या फायद्याचीच बाजू कशी लिहू?"

मला त्यांचा संताप आला. ठरल्या दिवशी शाल-नारळ घेऊन ते निवृत्त झाले. मी 'येत जाईन' म्हणालो आणि पाळीच्या ड्युटीत गुंतलो.

गेलो तेव्हा दार उघडंच होतं. ओट्यावर दोन कप मांडलेले.

"कोणी येणार आहे का, भाऊ?"

"कोणी आलं त असावं," ते म्हणाले. "बस. चाय टाकतो."

मी ओशाळून विचारलं, "किती दिवसांनी आलो मी?"

त्यांनी स्टोव्हची वात उगाचच वर-खाली केली.

"मोजले नाई," ते म्हणाले. "मोजाले भेव वाटते बे."