ओठावर फुटलेला ताप डोळ्यात

"ओठावर ताप फुटला ना, म्हणजे दुखणं गेलं समज," आई म्हणायची. ओठाच्या कडेला बारीक फोड दिसले की ती निश्चिंत व्हायची.

मैत्रिणींनो, आज आपल्या महिला मंडळाच्या फळ्यावर सुविचार नाही, माझ्या उजव्या डोळ्याची गोष्ट आहे. महिनाभर तो लाल होता, अंधुक दिसायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बुबुळावर हर्पीस आहे, डाग राहिला तर नजर जाईल. ते नाव मी गुप्तरोगाचं म्हणून ऐकलेलं, त्या लाजेने कुणाला सांगितलंच नाही.

आज दुपारी मुलुंडच्या दवाखान्यात डावा डोळा झाकला आणि तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. सगळी!

"झकास!" बाई म्हणाल्या.

मी हळूच विचारलं, "पण तसला रोग मला कसा?"

"तसला म्हणजे कसला हो? ओठावर फुटतो तोच हा विषाणू. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरतो आणि झोपून राहतो. थोड्यांच्या डोळ्यात जागा होतो, इतकंच. बाहेर विचारा जाऊन, ओठावर ताप कुणाकुणाला फुटतो ते."

मी खरंच विचारलं. बाकावरच्या जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले. कंपाउंडरनेसुद्धा! इतकी माणसं माझ्या बाजूची आहेत, हे मला ठाऊकच नव्हतं.

बाईंनी एक बजावलंय. लाल डोळ्यात दुसऱ्याचे थेंब घालायचे नाहीत. काहींत स्टिरॉइड असतं, त्याने हा विषाणू चेकाळतो.

मालूताई, डोळ्यांच्या साथीत बिल्डिंगभर फिरलेली ती बाटली तुमच्याकडेच आहे. "अर्धी शिल्लक आहे गं," असंच म्हणाल तुम्ही. तरी विनवते, आजच फेकून द्याल का?