पाहुण्यांचं पाणी

पाणी पिताना पंजाबराव पहिला घोट गालात फिरवून थुंकून टाकत. हापशीचा एक जुना वायसर कायम त्यांच्या खिशात असे, बोटांना चाळा म्हणून. आजाऱ्याला भेटायला गेले की तोंडाकडे नाही, पायांकडे बघत. सल्ला विचारणाऱ्याला आधी शिवी, मग सल्ला. ताटात वरण पडलं की डाळीचा एक दाणा बोटांत चिरडून बघत. चिरडला नाही की कुणाला न सांगता हसत.

तीस वर्षं त्यांनी हापशा दुरुस्त केल्या. वरवट बकालच्या पलीकडचं त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि माणसं पन्नाशीच्या आत सुजतात. कोणत्या गल्लीचं पाणी किती खारं, हे पंजाबराव जिभेवर सांगत. कुणी विचारत नसे. त्यांची बायको गोजरबाई किडन्या निकामी होऊन गेली, तेव्हा गावानं नशिबाला बोल लावला. पंजाबरावांनी गावाला लावला.

मग शहरातून आरोग्य संशोधनाचं पथक आलं. पाच जण. गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब, पाठीवर स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या. पाळण्यातल्या पोरापासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत सगळ्यांच्या किडन्यांचा अभ्यास करायचा आहे, असं पथकाच्या प्रमुख अनुपमा मॅडमनी ग्रामपंचायतीत सांगितलं. आधी साठ घरांतून पिण्याच्या पाण्याची एकेक बाटली घ्यायची. पाणी खारं निघालं तर दुसऱ्या फेरीत गावातल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं. गोड निघालं तर गाव यादीतून बाहेर.

"म्हंजे आमीच आमच्या दुखण्याचा पुरावा द्याचा," पंजाबराव म्हणाले.

"तसं नाही, काका."

"तसंच हाय."

तरी घरं दाखवायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं. कारण त्यांची सून, अश्विनी. सव्वीस वर्षांची. तिच्या पायावर अंगठा दाबला की खळगा राहायचा. दवाखान्यात नेतो म्हटलं की ती रडायची. सासूचं शेवटचं सगळं तिनंच केलं होतं, त्यामुळे पुढं काय असतं ते तिला पाठ होतं. फार मागे लागल्यावर ती एवढंच कबूल झाली होती, "गावातल्या सगळ्यायचं रक्त काढतीन तवा माहं बी काढा."

दोन दिवसांत साठ बाटल्या भरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खोके गाडीत चढवताना एका बाटलीचं झाकण सैल होतं. पाणी पंजाबरावांच्या मनगटावर ओघळलं. सवयीनं त्यांनी ते चाटलं.

गोड.

बाटलीवर भिमाबाईचं नाव होतं. भिमाबाईच्या गल्लीतल्या हौदाला गाय तोंड लावत नाही. त्यांनी दुसरी बाटली उघडली. तिसरी उघडली. मग खोका खाली ठेवला आणि तरातरा भिमाबाईच्या दारात गेले.

"भिमाबाई, कोनतं पानी देल्लं तुनं?"

"जारचं. अजून कोनतं देऊ?"

"तू जारचं पेतं?"

"मी काऊन पीन? माह्यासाठी हापशीचं हाय. ते पाव्हण्यायसाठी आनतो." भिमाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एवढी शिकेल मानसं दारात आली भाऊ, त्यायले खारं पानी देऊ? मले काही इज्जत हाय का नाही?"

"इज्जत घाल चुलीत. किडनी काही इज्जतीनं साफ होत नाही."

गावात घरोघरी दोन पाणी असतात. माठातलं घरच्यांसाठी, हापशीचं. जारमधलं वरवट बकालहून छोट्या टेम्पोतून येतं, ते पाहुण्यांसाठी. त्याचा पेलाही वेगळा. स्वतः आयुष्यभर खारं पिऊन मरतील, पण पाहुण्याच्या तोंडी ते लागू देणार नाहीत. पथकानं दारात उभं राहून पाणी मागितलं आणि गावानं पाहुणचार केला. साठ घरांनी साठ वेळा.

पंजाबराव घरी आले. "आपल्या इथून कोनतं देल्लं?"

अश्विनी भाकरी थापत होती. "जारचं. तुमीच तं ओरडले मामाजी, पाव्हणे आले, आतलं आन म्हून."

ते ओरडले होते. चांगले मोठ्यानं. तीस वर्षं जगाचं पाणी थुंकणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरी तेच केलं होतं. त्या सकाळी त्यांनी सगळ्यांत वाईट शिवी स्वतःला दिली.

अनुपमा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "पण काका, आमच्या प्रश्नावलीत 'पिण्याचं पाणी' असं स्पष्ट लिहिलंय."

"दोन दिवस फिरल्या. येखांद्या घरी एक घोट तं घ्याचा."

"आम्हाला बाहेरचं पाणी प्यायची परवानगी नाही."

"मंग अभ्यास कायचा करून राह्यल्या? बाटल्यायचा?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी साठ रिकाम्या बाटल्या काढून दिल्या. शुक्रवारी गाडी येईल. साठच्या साठ हव्यात, प्रत्येकीवर घरच्या माणसाची सही. एकही कमी चालणार नाही.

तेव्हापासून पंजाबराव दारोदार फिरले. माठातलं पाणी समोर भरून घ्यायचं, चाखायचं, थुंकायचं, मगच सही. निम्म्या घरांनी आधी नाहीच म्हटलं. सरपंचाच्या भावानं अडचण उघडच सांगितली, "पंजाबराव, गावचं पानी खराब म्हून कागदावर गेलं तं आमच्या पोरायले पोरी कोन देईन?"

"अन सुजेल पोरायले देऊन राह्यले काय बे आता? तुहे पाय दाखव."

त्यानं पाय धोतरात ओढून घेतले. सही मात्र केली.

पंजाबरावांचे स्वतःचे पायही त्या आठवड्यात चपलेत मावत नव्हते. ते कुणी बघितलं नाही. पाय बघणारा माणूस गावात एकच होता.

गुरुवारी दुपारी ते त्रेचाळिसाव्या घरी पोचले. कौशल्याबाईच्या ओट्यावर टेकले. धाप लागली होती. तिनं धावत पेला भरून आणला. पंजाबरावांनी घोट गालात फिरवला आणि थुंकला.

"हे जारचं हाय. तुहं आन."

ती माठातलं घेऊन बाहेर आली, तेव्हा ते भिंतीला टेकले होते आणि वायसर हातातून खाली पडला होता.

शुक्रवारी गाडी अगदी वेळेवर आली. मॅडम पंजाबरावांच्या हार घातलेल्या फोटोसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मग बाटल्या मोजल्या. बेचाळीस. नियम त्यांनी केलेला नव्हता, असं त्या दोनदा म्हणाल्या. जाताना अश्विनीनं त्यांना चहा दिला, सोबत पाणी दिलं. जारचं. त्यांनी नको म्हटलं.

गाव यादीतून निघालं. चला, मी तुमच्या रक्ताचं बघते, असं मॅडम अश्विनीला म्हणाल्या होत्या. तिनं साडीचा काठ पायांवर ओढून घेतला. "सगळ्यायचं काढतीन तवा."

खोका अजून पडवीत आहे. अठरा रिकाम्या बाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पंजाबरावांच्या वाकड्या अक्षरात घरमालकाचं नाव. शेवटची त्यांच्या स्वतःच्या घराची. सही त्यांनी आधीच करून ठेवली होती. पाणी भरायचं राहिलं.