नारळाच्या पाण्याने गंजलेला बंपर

ती गाडी धसईतल्या एका भातव्यापाऱ्याची. काळी, गोल पाठीची. एके काळी आमच्या भागातला प्रत्येक मोठा नवरदेव तिच्यातूनच मिरवला. वरात निघण्याआधी तिच्या पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर नारळ आपटायचे. शेजारी दगड असला तरी बंपरवरच. ते पाणी, त्यातलं कुंकू, सगळं वर्षानुवर्षं बोल्टमध्ये झिरपत गेलं. व्यापाऱ्याच्या नातवाने गाडी भंगारात काढली तेव्हा बाबांनी ती आणली, आणि त्या श्रद्धेचा गंज सोडवायचं काम आमच्यावर आलं. म्हणजे छप्पन्नच्या धर्मांतरापासून ज्यांच्या घरात नारळ फुटला नाही अशा माणसांवर.

बाबा धरणावर ड्रायव्हर होते, आम्ही भातसानगरच्या कॉलनीत राहायचो. घरात खेळणी कमी आणि पत्रकं जास्त. अंधश्रद्धेवरच्या पुस्तिका मोठ्याने वाचतच मी वाचायला शिकले. त्यामुळे बोल्टशी झटताना माझं तोंडही चालूच असायचं. बाबा म्हणायचे, भाषणाने नट फिरत असता तर देशात एकही गाडी अडली नसती.

बोल्टची डोकी गोल आणि गुळगुळीत, त्यांना पाना धरायला जागाच नाही. नट आतल्या बाजूला. नट फिरवला की बोल्टही त्याच्यासोबत गरागरा फिरायचा. मी पुढून डोक्याखाली लाकडाची पाचर ठोकून धरायची, बाबा खाली आडवे होऊन पाना लावायचे. पाचर सटकायची, पाना निसटायचा, बाबांची बोटं सोलायची. मग परत डिझेल ओतायचं आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघायची. ज्यासाठी गाडी हवी होती ते ताईचं लग्न जवळ येत होतं आणि उजवी बाजू सुटली तरी डावा कोपरा तसूभर हलत नव्हता.

मुरबाडचा एक मेकॅनिक बघून गेला. गॅसकटरने पाच मिनिटांचं काम, म्हणाला, आणि वर दुसऱ्या गाडीचा बंपर बसवून देतो. मला ते पटलं. ज्या पत्र्यावर लोकांनी नारळ फोडले तो जपायचा कशाला, असं मी बाबांना तोंडावर विचारलं.

"कापायचा नाय," बाबा म्हणाले. "तुझ्या आत्याला तीच गाडी दिसली पायजे."

आत्याच्या लग्नात आजोबा ही गाडी मागायला गेले होते, हे मला ऐकून माहीत होतं. व्यापारी म्हणाला, गाडी बिघडलीय. अंगणात त्याचा ड्रायव्हर ती पुसत होता. हवा तर भाताचा ट्रक न्या, असंही तो वर म्हणाला. आत्या त्या ट्रकमधून सासरी गेली. बाबा तेव्हा आजोबांच्या शेजारी उभे होते, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

त्यावर माझ्याकडे भाषण तयार होतं. पण पाचर धरायची होती.

शेवटी पाना बाजूला ठेवून बाबांनी नटाच्या अंगावर छिनी लावली. दर घावाला मी बंपरला पोचा पडेल म्हणून ओरडत होते आणि ते मला गप्प राहायला सांगत होते. नट उभा चिरला. आत लाल भुगा होता. कुंकू की गंज, ते मला सांगता येणार नाही. पोचे काढून, चकाकी चढवून, नव्या बोल्टवर तोच बंपर परत बसला.

लग्नाच्या सकाळी आम्ही आत्याला आणायला गेलो. तिने बंपरकडे ढुंकूनही बघितलं नाही. पुढे बसली, टपाला हात लावला, पाय लांब करून बघितले.

"एवढीशीच होती काय रे?" ती बाबांना म्हणाली. "लांबून लय मोठी दिसायची."

इतक्या सोललेल्या बोटांनंतर हे ऐकून मी मागच्या सीटवर धुमसत होते. धसईच्या बाजारातून बाबांनी गाडी इतकी हळू काढली की मागची एसटी हॉर्न वाजवून थकली.

शहापूरला हॉलपाशी पोचलो तर आत्याच्या बाजूचं दार उघडेना. बंपरच्या नादात दाराच्या कडीकडे कुणी बघितलंच नव्हतं. आतून नाही, बाहेरून नाही. बाबा डिझेलचा डबा शोधायला लागले, मी कडीला शिव्या घालत पाना मागवला.

आत्याने काचेतून हाताने थांबवलं.

"राहू दे गो," ती म्हणाली. "बसते जरा."